छत्तीस गावं, नऊ बाजार आणि एक तोंडी परीक्षा

नागपूर

नागपूरला निघाले तेव्हा कोल्हापुरात भेटेल त्याने एकच सांगितलं, येताना संत्री आणा. मी तिकडे कशाला चालले आहे हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या शांताबाईंनी तेवढं विचारलं. 'एका मुलीची परीक्षा घ्यायला' म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तिकडं मास्तर मिळत न्हाईत व्हय?"

मिळतात की. पण पीएच.डी.च्या प्रबंधाला बाहेरचा परीक्षक लागतो, आणि सत्तरीच्या दशकाच्या त्या शेवटच्या वर्षांत आमच्या विषयातली माणसं महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मी संख्याशास्त्र शिकवते. त्यातला माझा कोपरा असा की एकाच गोष्टींचे दोघांनी दोन तऱ्हांनी गट पाडले तर ते गट एकमेकांशी किती जुळतात, हे मोजायचं. हे सांगितलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि जिलेबीचा विषय काढतो. त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

स्टेशनवर प्राध्यापक खोरगडे स्वतः आले होते. ते त्या मुलीचे मार्गदर्शक. डोक्याला मफलर, हातात माझी बॅग, आणि तोंडाला खंड नाही. डिसेंबरची थंडी अशी होती की रिक्षात बसल्यावर मी शालीत पार गुरफटून गेले. आमच्या कोल्हापुरात थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन जाते. नागपुरात ती घरचीच असावी.

"बाई, नागपुरात आल्या न, आता दोन दिवस पोटाले सुट्टी नाही," खोरगडे सर म्हणाले.

ते त्यांनी अक्षरशः खरं केलं. दुपारी सरांच्या घरी वहिनींनी पाटवडीचा रस्सा केला. 'तुम्हाला तिखट चालेल ना' असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कोल्हापूरची आहे हे ठसक्यात सांगितलं. पहिल्या घासाला मी गप्प झाले, दुसऱ्याला डोळे भरून आले आणि तिसऱ्याला जी उचकी लागली ती वहिनींनी तीन संत्री सोलून भरवली तेव्हा थांबली. आमचं तिखट समोरून येऊन भांडतं. हे गोडीगुलाबीने आत शिरतं आणि मग घर ताब्यात घेतं. कोल्हापूरच्या वतीने मी तिथेच हार मान्य केली, आणि रस्सा पुन्हा मागितला.

जेवताना वहिनींनी सुमनचं सांगितलं. सुमन मेश्राम, म्हणजे जिची परीक्षा घ्यायला मी आले होते ती. वडील रेल्वेत फिटर, घर जरीपटक्याजवळ. घरातली पहिली मॅट्रिक तीच, पहिली एम.एस्सी. तीच. कामठीच्या एका कॉलेजात ती दरवर्षी हंगामी शिकवत होती. तिथे आता कायमची जागा निघाली होती आणि मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती.

"पदवी झाली त जागा तिचीच आहे, ताई," वहिनी म्हणाल्या. "नाही झाली त दुसरा कोणी येऊन बसंन. मंग ही पुन्हा हंगामी."

खोरगडे सरांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. परीक्षकाला असलं काही सांगू नये असा संकेत आहे. पण वहिनींनी तो ऐकलेला नसावा, किंवा ऐकून सोडून दिला असावा.

प्रबंध मी दोनदा वाचला होता आणि मला तो आवडला होता. सुमनने नागपूर जिल्ह्यातली छत्तीस गावं घेतली होती. ही गावं नऊ आठवडी बाजारांना जातात, साधारण चार-चार गावं एकेका बाजाराला. हा झाला एक गट पाडायचा प्रकार. मग तिने प्रत्येक गावात बसून रोजच्या वापरातले शब्द विचारले. झाडूला तुम्ही फडा म्हणता की खराटा, लहान मुलाला पोट्टा की लेकरू. ज्या गावांचे शब्द जवळचे, ती गावं एका गटात, असेही तिने नऊ गट केले. आणि प्रश्न विचारला की माणसं जिथे बाजार करतात तिथलीच भाषा बोलतात का? कोणाच्याही आजीला कळेल असा प्रश्न प्रबंधात सापडणं दुर्मीळ. तिचं उत्तर होतं, हो, दोन्ही गट शंभरात सत्त्याऐंशी इतके जुळतात.

मी एकच हट्ट धरला होता. परीक्षेआधी मला त्यातला निदान एक बाजार बघायचा होता.

"दाखवू न," सर म्हणाले. "खाप्याचा उद्याच आहे. सुमन नेईल तुम्हाले. पण एक कबूल करा. दोघींनी प्रबंधाचा शब्द काढायचा नाही. परवा परीक्षा आहे, लोक नावं ठेवतील."

मी कबूल केलं. सुमनकडूनही सरांनी तेच कबूल करून घेतलं.

खापा

सुमन एस.टी. स्टँडवर माझ्या आधी येऊन उभी होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, सावळी, ठेंगणी, दोन वेण्या घातलेली. मला पाहून तिने नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "बाई, खिडकीची जागा धरली आहे. पण काच बंद होत नाही." काच खरोखरच बंद होत नव्हती. सावनेरपर्यंत माझा डावा कान माझा राहिला नाही.

प्रबंधाचं बोलायचं नाही, त्यामुळे आम्ही बाकी सगळ्याचं बोललो. ती मला रस्त्याकडेच्या संत्र्यांच्या बागा दाखवत होती, मी तिला उसाचं सांगत होते. आमच्याकडे ऊस माणसाला पलीकडचं दिसू देत नाही. इथे कापसाची शेतं मोकळी, लांबवर नजर जाते आणि मध्येच एखादं बाभळीचं झाड एकटंच उभं असतं. मला ती मोकळीक फार आवडली, आणि मुलगीही आवडायला लागली. परीक्षकाला हे परवडत नाही, पण एस.टी.त शेजारी बसल्यावर इलाज नसतो.

खापा कन्हान नदीवर आहे. बाजारात शिरल्यापासून सुमनला दर चार पावलांवर कोणीतरी हाक मारत होतं. शब्द विचारत ती दोन वर्षं या लोकांच्या ओसरीवर बसली होती. "काय वं सुमन, आता काय विचाराले आली?" असं एका म्हातारीने विचारलं. "आज काही नाही आजी, पाहुण्या बाईंना फिरवून राहिली," सुमन म्हणाली. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक पेरू दिला. पैसे घेतले नाहीत.

पेरू खात दहा पावलं गेले नाही तोच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सुमनने मला एका मिरचीवालीच्या पोत्यावर बसवलं आणि चप्पल घेऊन ती चांभाराच्या शोधात गेली. अशी मी अनवाणी, एका पायावर दुसरा पाय ठेवून, भिवापुरी मिरचीच्या ढिगापाशी बसले. शिंका येत होत्या. मिरचीवाली पन्नाशीची, गप्पिष्ट बाई होती. ती रोज वेगळ्या बाजाराला जायची, त्यामुळे कुठलं गाव कुठे बाजार करतं हे तिला तोंडपाठ होतं.

वेळ घालवायचा म्हणून मी तिला प्रबंधातली गावं विचारू लागले. जशी आठवतील तशी, दोन-दोन.

"वडेगाव आणि पिपळा, यांचा बाजार एकच का हो?"

"नाई वं बाई. पिपळ्याचे लोक वडेगाववाल्यांच्या बाजारात कायले येतीन?"

मी दुसरी दोन नावं घेतली. तीही नाही. तिसरी जोडी, नाही. चौथी, नाही. सातव्या-आठव्या जोडीला ती म्हणाली, "बाई, तुमी सारे चुकीचेच धरून राहिल्या. एवढे बाजार आहेत, कोणते बी दोन गावं घेतले त ते येगळ्याच बाजाराले जातीन न."

मी शिंकायची थांबले.

वाचकांना इथे थोडं गणित सोसावं लागेल, पण थोडंच. सुमनने दोन्ही प्रकारचे गट जुळतात का ते कसं मोजलं? दोन गावं उचलायची. ती बाजाराने एकत्र आहेत का, आणि बोलीने एकत्र आहेत का, असे दोन प्रश्न विचारायचे. दोन्हींचं उत्तर 'हो' आलं तर जुळलं. दोन्हींचं 'नाही' आलं तरीही जुळलं. छत्तीस गावांच्या सगळ्या जोड्या अशा तपासायच्या आणि शंभरात किती जुळल्या ते काढायचं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत छापून आलेली ही रीत आम्हा सगळ्यांना तिच्या साधेपणामुळे फार पसंत पडली होती.

आणि आता मिरचीच्या पोत्यावर बसून मला दिसत होतं की नऊ बाजार असले की दहातल्या नऊ जोड्यांना बाजार 'नाही' म्हणतो. नऊ बोली असल्या की बोलीही दहातल्या नऊ जोड्यांना 'नाही' म्हणते. माझे यजमान आणि आमच्या शेजारचे काका, दोघेही घरात कोणी काहीही मागितलं तरी नाही म्हणतात. म्हणून त्या दोघांचं एकमत आहे असं आमच्या गल्लीत कोणी समजत नाही.

सुमनच्या सत्त्याऐंशीमध्ये असे कोरडे 'नाही' किती होते? मनातल्या मनात आकडे मांडले, आणि बहुतेक सगळेच कोरडे निघाले.

सुमन चप्पल घेऊन आली. अंगठा नवा, पक्का शिवलेला. बरोबर कागदात गरम भजीही आणली होती. "बाई, तुमचा चेहरा असा काहून झाला?" तिने विचारलं.

"मिरची," मी म्हटलं.

परतीच्या एस.टी.त ती तिच्या मुलाखतीचं बोलली. पहिला पगार कायमचा झाला की आईला घेऊन कुठेतरी लांब जायचं, समुद्र दाखवायचा, असं तिच्या मनात होतं. कोल्हापूरहून रत्नागिरी किती लांब, तिने विचारलं. मी सांगितलं. आमच्याकडेच उतरा, असंही सांगितलं. तिला आत्ताच सगळं बोलून टाकावं असं मला दहा वेळा वाटलं. पण सरांना शब्द दिला होता, आणि तो शब्द योग्यच होता. उतरताना ती म्हणाली, "आईनं उद्या परीक्षेनंतर तुम्हाला जेवायला बोलावलं आहे. तुम्ही हो म्हणाल असं मी तिला सांगून टाकलं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुन्हा नागपूर

परीक्षेची खोली लांबट होती, आणि विभागातली सगळी मंडळी कौतुकाने येऊन बसली होती. सुमनने कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. ती छान बोलली. मग खोरगडे सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाई, विचारा."

मी छत्तीस चिठ्ठ्या मागितल्या. शिपायाने बिस्किटांचा रिकामा डबा आणून दिला. प्रत्येक चिठ्ठीवर सुमनने गावाचं नाव लिहिलं, चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, आणि मी तिला म्हटलं, "आता यातून डोळे मिटून चार-चार काढ आणि नऊ ढीग कर. समज की हे बोलीचे गट आहेत. नशिबाने पाडलेले. ते तुझ्या बाजाराच्या गटांशी किती जुळतात ते मोज."

तिने मोजलं. खोलीत कोणीतरी हसलं, काही वेळाने ते थांबलं. सुमनने फळ्यावर आकडा लिहिला. चौऱ्याऐंशी.

"पुन्हा काढ," मी म्हटलं.

पुन्हा काढलं. पुन्हा चौऱ्याऐंशी, काही दशांशांनी कमी.

खोरगडे सरांचा चेहरा उतरला होता. "बाई, ही रीत छापून आलेली आहे," ते म्हणाले. "साऱ्या जगात चालते."

"चालते, सर. दोन-तीन मोठे गट असले तर एवढं बिघडत नाही. आपले नऊ आहेत, आणि लहान लहान."

"परवापासून तुमाले घरी ठेवलं, आणि तुमी..." त्यांना राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं. तो माणूस मला मनापासून आवडला होता.

सुमन फळ्यापाशी पाठमोरी उभी होती. खडूची भुकटी तिच्या पांढऱ्या पदरावर पडत होती.

"म्हणजे सत्त्याऐंशीतले चौऱ्याऐंशी नुसत्या चिठ्ठ्यांना पण मिळतात," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मला मिळवायला शिल्लक होते सोळा. त्यातले मी मिळवले तीन."

"तीन मिळवलेस," मी म्हटलं. "ते खरे आहेत. ते कुठून आले, सांग."

तिने प्रबंध उघडला. बाजारानेही एकत्र आणि बोलीनेही एकत्र, अशा जोड्या तिच्याकडे तेरा होत्या. चिठ्ठ्यांनी काढल्या तेव्हा चार-पाचच निघाल्या होत्या. ती त्या तेरा जोड्यांवरून बोट फिरवत राहिली. खोलीतलं सगळं विसरून ती वाचत होती, हे माझ्या लक्षात आलं.

"बाई, यातल्या बहुतेक जोड्या कन्हानच्या एकाच काठावरच्या आहेत," ती शेवटी म्हणाली. "बाजाराचं काहीच नसेल कदाचित. पावसाळ्यात पलीकडे जाता येत नाही, म्हणून बाजारही एक आणि बोलणंही एक. नदीचं असेल हे." मग हळूच म्हणाली, "सत्त्याऐंशी आल्यावर मी पुढे बघितलंच नाही."

एवढं सुंदर उत्तर मला आजवर कुठल्याच तोंडी परीक्षेत मिळालं नव्हतं. पण ते उत्तर होतं फळ्यापाशी, प्रबंधात नव्हतं. प्रबंधाच्या शेवटच्या दोन प्रकरणांत ठासून लिहिलं होतं की बाजार आणि बोली जवळजवळ एकच आहेत. त्यावर पदवी दिली असती तर पुढची वीस वर्षं कोणीतरी तेच खरं मानलं असतं, आणि मग एखाद्या दिवशी कोणीतरी चिठ्ठ्यांचा डबा आणला असता. मी शेरा लिहिला की ही दोन प्रकरणं नव्याने लिहावीत, पुन्हा परीक्षा घ्यावी. सही केली. पुढच्या आठवड्यातली मुलाखत मला माहीत होती.

बाहेर आल्यावर खोरगडे सर म्हणाले, "तुमाले तिच्या घरी जायची काही गरज नाही. मी सांगतो त्यांना, बाईंची तब्येत बरी नाही म्हणून."

"मी हो म्हटलं आहे," मी सांगितलं.

जरीपटका

सायकलरिक्षात आम्ही दोघी बाजारातून जात होतो. दुकानांतून कापडाची ठाणं बाहेर लटकत होती. सुमन पदरावरची खडूची भुकटी झटकत होती. मग म्हणाली, "आईला मी सांगेन. तुम्ही काही बोलू नका."

घराच्या दारात आंब्याचं तोरण लावलेलं होतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या, एकीच्या हातात झेंडूचा हार होता. अंगणात सुमनची आई चुलीपुढे बसली होती. मी तिकडे बघतच राहिले. चुलीवर मडकं उपडं घातलेलं, आणि त्या बाई सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवरून खेळवत कोपरापर्यंत लांबवत होत्या. पाहता पाहता तो पातळ धोतरासारखा झाला आणि अलगद मडक्यावर जाऊन बसला. ही नागपूरची लांब पोळी. आमच्याकडे पोळपाट आणि लाटणं हरवलं तर घर उपाशी राहील.

"आली का वं?" आईने न बघता विचारलं. "झाली का डाक्टर?"

सुमनने चप्पल काढली. हार घेऊन पुढे आलेल्या बाईला तिने हाताने थांबवलं. "नाही झाली आई. शेवटचा भाग पुन्हा लिहायला सांगितला. माझा आकडा मोठा होता, पण त्यात माझं थोडंच होतं."

पोळी मडक्यावर करपायला लागली. आईने ती काढली, बाजूला टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्या दूरून माह्या पोरीले नापास कराले आल्या का तुमी?"

ज्या गोष्टीचं खोलीभर माणसांना गणित समजावून दिलं होतं, ती गोष्ट त्या चुलीपुढे मला एका वाक्यात सांगता येईना.

"नापास नाही केलं, आई," सुमन म्हणाली. "मी चुकली होती. दुसरं कोणी असतं त चुकीवरच पास करून गेलं असतं."

"आन् कामठीची जागा?"

"या वर्षी नाही."

आई उठल्या आणि आत गेल्या. शेजारच्या बायका एकेक करून निघाल्या. हार खाटेवर राहिला. मी उभीच होते. आता निघावं की थांबावं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज आला. मग आई पाट घेऊन बाहेर आल्या, माझ्यापुढे ठेवला, डोळे पदराने पुसले आणि म्हणाल्या, "बसा. रांधलं आहे तुमच्या नावानं."

मी बसले. मटणाचा रस्सा होता, आणि ती लांब पोळी, रुमालासारखी घडी घातलेली. हात लावला की तुटायची, रश्श्यात बुडवली की विरघळायची. तिखटाने की कशाने, माझे डोळे पुन्हा भरून आले. या वेळी उचकी लागली नाही. सुमन माझ्या समोर बसून जेवत होती आणि मध्येच थांबून बोटाने जमिनीवर नदी काढत होती, कुठलं गाव कुठल्या काठाला ते मला सांगत होती. आता प्रबंधाचं बोलायला कोणाची बंदी नव्हती.

आई वाढत होत्या. माझं ताट रिकामं होऊ देत नव्हत्या, पण माझ्याकडे बघतही नव्हत्या. मी हात धुवायला उठले तेव्हा त्यांनी तांब्या पुढे केला आणि पाणी घालता घालता विचारलं, "पुन्हा परीक्षा होईन तवा कोण येईन?"

"विद्यापीठ ठरवतं. मीच येईन असं नाही."

"नाई," त्या म्हणाल्या. "तुमीच या. तिची चूक कोठं होती ते तुमाले ठाऊक आहे. दुसरं कोणी आलं, आन् पास बी केलं, त मले कसं समजंन का ते खरं आहे?"

मी येईन असं सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मंग बसा जराशा. माहं जेवण होऊ द्या."